रेसिंगचा गेम करायचाच तर कोल्हापूरचा करा, पण त्यातली माणसं पुसू नका

परवा रात्री साडेअकराला रंकाळ्याच्या कडेनं चार गाड्या सुसाट गेल्या. फोडलेले सायलेन्सर, मागच्या सीटवर एकजण मोबाईल धरून, रील चाललेलं. बाकड्यावरचे काका म्हणाले, "ही सगळी त्या गेमची करणी. बंद करा म्हणावं ते गेम."

काका, जरा थांबा. मी त्याच गेमवर वाढलोय. २००५ ला 'नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड' आला, तेव्हा राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत बसून पॉकेटमनी उडवलाय. गेममुळं पोरं बिघडतात हे मला मान्य नाही. पण हे गेम एक खोटं सांगतात : रस्ता रिकामा आहे.

आठवून बघा. अख्खं शहर असतं, पूल, बोगदे, पेट्रोल पंप सगळं असतं, पण रस्ता ओलांडणारी एक म्हातारी नसते. माणसं पुसली की मगच स्ट्रीट रेसिंगची मजा येते. 'फोर्झा होरायझन'वाले निदान हुशार आहेत, त्यांनी शर्यतीलाच उत्सव केला आणि प्रेक्षक बाजूला ठेवले.

आता कोल्हापूरचा गेम करूया. नकाशा नाद खुळा होईल, शंका नाही. बिंदू चौकातनं सुरुवात, शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याचा घाट, परत येऊन कागलपर्यंत हायवे. गाडीचं काम करायला शिवाजी उद्यमनगर, तिथले मिस्त्री कुठलंही इंजिन बोलतं करतील. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांवर गेलं की अर्धा नकाशा बंद. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता, विसरलो नाही ना?

पण मग बाकीचंही घाला की. गळीत हंगामात रात्री विनारिफ्लेक्टरचा, दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर. महाद्वार रोडवर ओटी घेऊन निघालेल्या बायका. पहाटेचा दूधवाला. आणि एक नियम : धडक बसली की 'रीस्टार्ट' नाही. त्यापुढचा गेम सीपीआरच्या बाकड्यावर बसून खेळायचा.

एवढं तिखट का बोलतोय ते सांगतो. आमच्या गल्लीतला सोळा वर्षांचा पोरगा. बापाची गाडी, रिंगरोड, रात्रीची वेळ. फिरायला निघालेल्या एका आजोबांना उडवलं. पोराच्या पायात रॉड, आजोबा अजून अंथरुणावर. त्याच्या आठ दिवस आधी त्यानं त्याच रस्त्यावरचं रील टाकलं होतं, १०० च्या पुढं गेलेला काटा दाखवत. त्या रीलला माझाही लाईक होता. खाली मी लिहिलं होतं, "जाळ आन् धूर संगटच!"

म्हणून माझं भांडण गेमशी नाही. माझ्याशी आहे, तुमच्याशी आहे, चावी देणाऱ्या बापाशी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा स्पष्ट आहे. अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. तरी आपण 'पोरगं आत्ताच गाडी चालवतंय' म्हणून मिशीला पीळ देतो. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेखाली दोन तरुण जीव गेले आणि १७ वर्षांच्या आरोपीला जामिनाच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध सांगितला, तेव्हा आपण सगळे चिडलो होतो. आपल्या गल्लीत मात्र आपण निबंधसुद्धा मागत नाही.

आणि वेगाचा नाद वाईट नाही. कोल्हापूरला तो आहेच. हुपरीला मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या शर्यती तिथं झाल्यात. आईल ऑफ मॅन बेटावर १९०७ पासून सार्वजनिक रस्त्यावर मोटरसायकलच्या शर्यती होतात, पण कायद्यानं रस्ता बंद करून. म्हणजे माणसं पुसून नाही, तर माणसांना विचारून.

अडचण एवढीच की ट्रॅकला पैसे पडतात आणि रिंगरोड फुकट आहे. वाढदिवसाच्या डिजिटल फलकांवर उधळणाऱ्या नेत्यांनो, तालीम-मंडळांनो, त्यातल्या निम्म्या पैशात महिन्यातनं एक दिवस पोरांना ट्रॅकवर न्या. हेल्मेट द्या, शिकवणारा द्या, टायमिंग लावा, जिंकणाऱ्याचा फोटो चौकात लावा. बघू मग रंकाळ्यावर कोण येतंय.

तोवर आपण एक तरी करूया. रस्त्यावरच्या रेसचं रील दिसलं की लाईक नाही. मी माझा काढून घेतलाय. उशिरा काढला, हे माहीत आहे.