वयाचे पैसे कशाला?

"जुना आहे, आवाजाचं विचारूच नका." घरातला तंबोरा विकायला काढणारा माणूस हे वाक्य हमखास टाकतो, आणि ऑर्केस्ट्रात वाजवून झालेला गिटारचा स्पीकर-कॅबिनेट विकणारा पोरगाही तेच म्हणतो. एकाचा माल मिरजेत घडलेला, दुसऱ्याचा इंग्लंडात तयार होऊन चार हातांतून फिरत साताऱ्याला आलेला. हिशेब मात्र दोघांचा एकच: वय वाढलं म्हणून आवाज सुधारला आणि आवाज सुधारला म्हणून भाव वाढला. यातली पहिली पायरी अर्धवट खरी आहे, दुसरी बहुतेक वेळा खोटी. आणि "विचारूच नका" हे तर मुळीच मान्य करण्यासारखं नाही. विचारायचं असतं ते नेमकं आवाजाचंच.

आधी जुन्याच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हणू. तूनचं लाकूड ओलं राहिलं तर तंबोरा ठस बोलतो. लाकूड आणि भोपळा पुरते वाळले की आवाज मोकळा होतो, हे कुठलाही कारागीर सांगेल. जुने तंबोरे गोड वाजतात हा गवयांचा अनुभवही खोटा नाही. फक्त त्या अनुभवात एक चाळणी लपलेली आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी घडलेल्या वाद्यांत ठस आणि बेसूर वाद्येही होतीच. ती माळ्यावर गेली, त्यांचे भोपळे फुटले, कोणी दुरुस्त केले नाहीत. जी गोड होती तीच जपली गेली आणि तीच आज आपल्यापुढे येतात. म्हणजे वयाने वाद्य चांगलं झालं असं नाही, चांगलं होतं म्हणून त्याला वय मिळालं. लाकूड वाळण्याचं म्हणाल, तर वाळलेलं लाकूड आणखी किती वाळणार?

"मग जुन्या स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिनचं काय?" हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर 2010 साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिस इथे शोधलं गेलं. क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांनी 21 कसलेल्या व्हायोलिनवादकांना वाद्य दिसणार नाही असे गॉगल घालायला लावले आणि सहा व्हायोलिनं हाती दिली. तीन नवी होती. उरलेल्या तीन जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियस आणि एक ग्वार्नेरी. घरी न्यायला कोणतं आवडेल असं विचारल्यावर 13 जणांनी नवं निवडलं, आणि सर्वांत नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हेरियस. चाचणी हॉटेलच्या खोलीत झाली, सभागृहात निकाल वेगळा लागला असता, असा आक्षेप लगेच आला. तो रास्तच होता. म्हणून पुढे पॅरिसमध्ये दहा नामवंत एकलवादकांना घेऊन सभागृहातही चाचणी झाली. तिथेही दहापैकी सहा जणांनी नवंच वाद्य उचललं. यावरून जुनं वाईट ठरत नाही. डोळे झाकले की वय ऐकू येत नाही, एवढं मात्र ठरतं.

आपल्याकडे असं मोजमाप करणं म्हणजे कलेचा अपमान, असं मानणारे लोक आहेत. त्यांनी सांगलीकडेच पाहावं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, 'शारदा' लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळांचे बंधू, यांनी श्रुती प्रत्यक्ष मोजून 1910 साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. त्यांना गाऊन श्रुती दाखवणारे होते खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. देवलांचं गणित पुढे अनेकांना पटलं नाही, तो वाद निराळा. पण मिरजेच्या सर्वांत मोठ्या गवयाला आपला स्वर मोजून घेण्यात कमीपणा वाटला नव्हता. आज तंबोऱ्याचे पैसे मोजणाऱ्याने तो आधी पाच मिनिटं छेडून पाहिला, तर कोणाचा मान जातो?

पण छेडून पाहतानाही फसगत होते, आणि तिचं कारण जवारी, म्हणजे घोडीचा माथा घासून आणलेला झंकार. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली तंबोऱ्यावर लिहिताना दाखवलं, की तार जिथे छेडावी तिथल्या हिशेबाने जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही या वाद्यात ठळक ऐकू येतात. ही करामत घोडीच्या किंचित गोलसर माथ्याची आणि त्यावर तारेखाली सरकवलेल्या सुताची. आता हा माथा तारांनी झिजतो, त्यात चरे पडतात, आवाज बसतो. कानशीने घासून जवारी पुन्हा काढली की तोच तंबोरा झंकारतो. म्हणून बसलेल्या जवारीचा तंबोरा नाकारू नका. आणि आज सकाळीच जवारी काढलेल्या तंबोऱ्याला त्या झंकाराचे जास्त पैसे देऊ नका. ती गोडी वाद्याच्या वयाची नसते, सकाळच्या कानशीची असते. पुढेमागे ती पुन्हा काढावी लागणारच.

पैसे द्यायचे ते जे बदलता येत नाही त्याचे. भोपळ्याला कीड आहे का, चीर कुठवर गेली आहे, गळ्याच्या जोडात फट पडली आहे का, तारांच्या ताणाने दांडी पुढे वाकली आहे का, घोडीखाली तबली दबली आहे का. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा जाड, मोठा, गोल भोपळा आजही सहज मिळत नाही. तो शाबूत असेल तर बाकीचं बहुतेक सगळं मिरजेत दुरुस्त होतं. खुंट्या घसरत असतील तर बसवून घेता येतात. मात्र वाद्य आपल्या पट्टीत लावून ऐकावं. काळी एकसाठी बांधलेला पुरुषी तंबोरा काळी पाचला ताणून "बघा कसा बोलतो" म्हणणारे विक्रेते असतात, आणि माना डोलावणारे गिऱ्हाईकही.

स्पीकरच्या बाबतीत वयाचा महिमा आणखी पोकळ आहे. गिटारवाले म्हणतात, स्पीकर वाजवून वाजवून मुरतो. खरं आहे, नव्या स्पीकरची कडा आणि आतला स्पायडर ताठ असतात, सुरुवातीच्या काही तासांच्या वाजवण्यात ते सैलावतात, खालचे स्वर थोडे मोकळे होतात. पण हे मुरणं तिथेच थांबतं. लोणच्यासारखं वर्षानुवर्षं चालू राहत नाही. त्यानंतर जे होतं ती झीज. कोन कागदाच्या लगद्याचा; साताऱ्याच्या पश्चिमेला चार महिने जी ओल असते तिने तो मऊ पडतो, कॉइल आणि चुंबक यांच्यातल्या बारीक फटीत गंज धरतो, धूळ बसते. मग गिटार वाजताना मागे एक खरखर येते आणि विकणारा तिलाच "व्हिंटेज टोन" म्हणतो. (या दोन शब्दांवर कर बसवला तर सरकारची तूट भरून निघेल.)

वॉटच्या आकड्याचंही तसंच. स्पीकर न जळता किती ताकद सोसेल, एवढंच तो आकडा सांगतो. आवाज किती निघेल ते ठरतं संवेदनशीलतेवर. सेलेस्टियनचा ग्रीनबॅक 25 वॉटचा, त्याच कंपनीचा व्हिंटेज 30 नावाचा स्पीकर 60 वॉटचा. पण त्याच अँप्लिफायरवर तो जास्त मोठा वाजतो तो या 60 मुळे नव्हे. दोन स्पीकरांत तीन डेसिबलचा फरक असेल तर तो भरून काढायला अँप्लिफायर दुप्पट ताकदीचा लागतो. डॉल्बीच्या भिंतींच्या या मुलखात वॉट सांगून माल खपतो, हे कळतं. पण गिटारवाल्याने तरी त्याला भुलू नये. आणि मागून उघड्या खोक्यात ऐकलेला स्पीकर बंद खोक्यात घातला की निराळा बोलतो, म्हणून ज्या खोक्यात वाजवायचा त्यातच लावून ऐकावा.

काय पाहायचं ते फार अवघड नाही. मल्टिमीटर लावला तर आठ ओहमचा स्पीकर साधारण सहा-सात दाखवतो, सोळाचा बारा-तेरा. काहीच दाखवला नाही तर कॉइल तुटली. दोन्ही हातांची बोटं कोनावर समान टेकवून तो हळूच आत दाबावा. खरवडल्यासारखं जाणवलं तर कॉइल घासते आहे. दीड व्होल्टचा सेल टेकवून "टक्" ऐकणं हा बाजारातला आवडता खेळ आहे. त्याने स्पीकर जिवंत आहे आणि कोन कोणत्या दिशेला सरकतो एवढंच कळतं, गुण कळत नाही. त्यापेक्षा मोबाइलवरून खालच्या स्वरापासून वर चढत जाणारा एकच स्वर अँप्लिफायरमधून मध्यम आवाजात सोडावा. खडखड असेल तर कुठे ना कुठे सापडतेच.

इथे तंबोरा आणि स्पीकर यांचे रस्ते वेगळे होतात, आणि पुनर्विक्रीचा सगळा गुंता इथेच आहे. जवारी काढून घेतल्याने तंबोऱ्याचा भाव पडत नाही. रिकोन केलेल्या, म्हणजे कोन बदललेल्या स्पीकरचा पडतो, आणि पडायलाच हवा. कारण गिटारच्या स्पीकरमध्ये आवाजाचा स्वभाव मुख्यतः कोनात असतो. कोन आणि कॉइल दोन्ही बदलली की जुनं म्हणून उरतं ते चुंबक आणि लोखंडी सांगाडा. त्यावरचा कारखान्याचा शिक्का 1970 चा असला तरी ऐकू येतो तो नवा कोन. त्या शिक्क्याचे पैसे मागणं म्हणजे सांगाड्याचे पैसे मागणं. संग्राहकाला ते द्यायचे असतील तर खुशाल द्यावेत. आवाज म्हणून देऊ नयेत.

तंबोऱ्यातही असाच एक सापळा आहे, आणि तो कायद्याचा आहे. जुन्या वाद्यांवर हस्तिदंताची नक्षी किंवा सांबरशिंगाची घोडी असते असं सांगून भाव वाढवला जातो. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्या यांनी या दोन्हींचा व्यापार बंद केलेला आहे. म्हणजे विक्रेत्याचा दावा खरा असेल तर ते वाद्य विकणंच अडचणीचं. खोटा असेल, आणि बऱ्याचदा ती पांढरी नक्षी सेल्युलॉइडची किंवा हाडाचीच असते, तर जास्तीचे पैसे कशाचे?

"हा बुवांच्या हातातला आहे" हा शेवटचा बाण. बुवांचा तंबोरा संग्रहालयात जावा, त्याची आदराने जपणूक व्हावी. मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसातली संगीतसभा असो किंवा औंधचा 1940 पासून चालत आलेला उत्सव असो, गवयामागे जो तंबोरा झंकारतो तो कोणाचा होता हे श्रोत्याच्या कानाला कळत नाही. त्याला लागतो तो भरलेला षड्ज.

या वयपूजेचा तोटा कोणाला होतो? मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आज बसून काम करणाऱ्याला. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांनी एकोणिसाव्या शतकात हा धंदा उभा केला, 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते मानांकन वाद्य कुठलं हे सांगतं, कसं वाजतं ते नाही. ते ऐकूनच ठरवावं लागतं. पण जुन्याच्या कौतुकात वाढीव पैसे देणारा माणूस नव्या तंबोऱ्याच्या किमतीत घासाघीस करतो, हे कसलं कानसेनपण? नवा तंबोरा ऐकायला उत्तम असेल तर तो जुन्याइतक्याच किमतीला घ्यावा. जुना ठस असेल तर भोपळ्या-लाकडाचे पैसे देऊन मोकळं व्हावं.

विकणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. तंबोरा असो वा स्पीकर, सोबत एक चिठ्ठी द्या: मूळचं काय, बदललेलं काय, जवारी शेवटची कधी काढली, कोन कारखान्याचा की रिकोनचा, घोडी कशाची. घेणाऱ्याने वाद्याकडे पाठ करून ऐकावं, मगच वळून किंमत विचारावी. चिठ्ठी नसेल तर वयाचे पैसे सरळ कापावेत.