काटेरी तारेआतील सेवामंडळे

वार्षिकांक हाती पडला की आपण आधी आपले छायाचित्र शोधतो, मग मित्रमैत्रिणींच्या कविता चाळतो. शेवटच्या पानांवरचे मंडळांचे अहवाल मात्र ते लिहिणाऱ्यांखेरीज फारसे कोणी वाचत नाही. वाङ्मय मंडळाचे उद्‌घाटन अमुक तारखेला झाले, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात इतकी रोपे लावली, रक्तदानात इतक्या बाटल्या जमल्या, पाहुण्यांचे आभार मानले आणि कार्यक्रम संपला. दरवर्षी आकडे बदलतात, वाक्ये तीच राहतात. या अहवालांकडे मी गंभीरपणे पाहू लागले ती इतिहासाच्या अभ्यासासाठी दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन शाळांविषयी वाचताना. तिथेही असेच आकडे होते आणि अशीच मंडळे होती. पण त्या आकड्यांमागची मुले दिसू लागली, की विद्यार्थी मंडळ नेमके कशासाठी असते, हा प्रश्न टाळता येत नाही.

१९४२ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर 'छोडो भारत' आंदोलन आणि नंदुरबारचा शिरीषकुमार उभा राहतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शाळकरी वयातच तो गोळीबारात हुतात्मा झाला. त्याच सप्टेंबरात अमेरिकेच्या शिक्षण खात्याने माध्यमिक शाळांसाठी 'हायस्कूल व्हिक्टरी कोअर' नावाची संघटना सुरू केली. हायस्कूल म्हणजे साधारण चौदा ते अठरा वर्षांची मुले. विमानदल, भूदल, नौदल, उत्पादन आणि समाजसेवा असे संघटनेचे पाच विभाग होते. शरीर कमवायचे, युद्धाला उपयोगी असा एखादा विषय शिकायचा आणि कोणते तरी सेवाकार्य अंगावर घ्यायचे, अशी सभासदाकडून अपेक्षा असे.

कामे तरी किती प्रकारची! नौदलाने शाळांकडे विमानांच्या पाच लाख प्रतिकृती मागितल्या. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकांना ओळखता यावे म्हणून मुले लाकूड तासून ती तंतोतंत मापात घडवीत. मुली रेडक्रॉससाठी लोकरीचे कपडे विणीत. रद्दी, भंगार, जुने रबर दारोदार फिरून गोळा होई. दहा सेंटची तिकिटे वहीत चिकटवून पावणेएकोणीस डॉलर जमले, की दहा वर्षांनी पंचवीस डॉलर देणारा युद्धरोखा मिळे.

यातले एक काम आपल्याला विशेष जवळचे वाटेल. जीवरक्षक जाकिटांत भरायचा सावरीचा कापूस जावा बेटातून येई. १९४२ साली ते बेट जपानने घेतले आणि कापूस बंद झाला. तेव्हा अमेरिकेतील रानावनात उगवणाऱ्या 'मिल्कवीड' या झुडपाची आठवण झाली. हे झुडूप आपल्या रुईच्याच कुळातले. लहानपणी आपण ज्या 'म्हाताऱ्या' फुंकीत अंगणभर धावलो, तसाच तलम, पाण्याने न भिजणारा कापूस त्याच्या बोंडांतही असतो. १९४४ च्या शरद ऋतूत शाळाशाळांतील मुले पोती घेऊन माळरानावर उतरली. दोन पोती बोंडे म्हणजे एक जाकीट, आणि एक जाकीट म्हणजे एक प्राण, असा हिशेब त्यांना सांगितला होता. एखाद्या खलाशाचा जीव आपल्या दोन पोत्यांवर तरंगत आहे, ही कल्पना कोवळ्या मनाला किती मोठे करीत असेल!

येथपर्यंत वाचून आपले काही प्राध्यापक म्हणतील, "पाहा, शिस्त याला म्हणतात." आमच्यातले काही मित्र म्हणतील, "छे, हा तर निव्वळ सरकारी प्रचार." मला दोघांचेही अर्धेच पटते. बोंडे गोळा करणाऱ्या मुलाची तळमळ खोटी नव्हती. पण त्याच काळात, ज्या शाळेतले नव्वद टक्के विद्यार्थी दरमहा किमान एक तिकीट घेतील, त्या शाळेला एक मानाचे निशाण फडकवता येत असे. आता कल्पना करा, ज्या मुलाच्या घरी दहा सेंटही मोकळे नाहीत, तो त्या वर्गात कसा बसत असेल? निशाण मिळाले नाही तर सगळ्यांच्या नजरा कोणाकडे वळतील? ऐच्छिक म्हणवणारी गोष्ट अशी हळूच सक्तीची होते, आणि अहवालात तिचा उल्लेखही राहत नाही.

या प्रश्नाची खरी कसोटी मात्र वेगळ्याच शाळांत लागली. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका आदेशावर सही केली. त्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडावी लागली. त्यांपैकी दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. कोणावर आरोप नाही, खटला नाही. वाळवंटात आणि ओसाड माळावर उभारलेल्या दहा छावण्यांत, काटेरी तारेआड, पहारेकऱ्यांच्या मनोऱ्यांखाली त्यांना ठेवण्यात आले. मुले होती, म्हणून शाळाही निघाल्या. कॅलिफोर्नियातील मँझनार छावणीत सुरुवातीला बसायला बाकेसुद्धा नव्हती. मुले जमिनीवर बसून शिकली.

आणि या शाळांतही मंडळे होती! विद्यार्थी परिषद होती, तिच्या निवडणुका होत्या, नाटके, वाद्यवृंद, खेळाचे संघ, ज्युनिअर रेडक्रॉस, बालवीर पथके होती. वार्षिकांकही होते. मँझनारच्या १९४४ च्या वार्षिकांकाचे नाव होते 'अवर वर्ल्ड', म्हणजे 'आमचे जग'. त्यातली छायाचित्रे तोयो मियाताके यांची. छावणीत कॅमेरा नेण्यास बंदी असताना त्यांनी भिंग लपवून आत नेले आणि लाकडाची पेटी करून त्यावर कॅमेरा बनवला. पुढे त्यांनाच छावणीचे छायाचित्रकार म्हणून मान्यता मिळाली. आर्कान्सामधील रोहवर छावणीत बालपण गेलेले अभिनेते जॉर्ज ताकेई यांनी सांगितले आहे, की वर्गात ध्वजासमोर स्वातंत्र्य आणि न्यायाची प्रतिज्ञा म्हणताना खिडकीतून त्यांना काटेरी तार दिसत असे.

ज्या देशाने आपल्याला कोंडले, त्याच देशाच्या सैनिकांसाठी ही मुले काम का करीत होती? बाहेरच्यांना आपली निष्ठा पटावी म्हणून, हे एक उत्तर. ते खरे आहे आणि लाजिरवाणे आहे. लाज मुलांची नाही, ती करायला लावणाऱ्यांची. पण दुसरेही उत्तर आहे. जेवणाच्या रांगेपासून दिवे मालवण्यापर्यंत सारे काही दुसऱ्यांनी ठरवलेल्या त्या जगात वर्गाचा प्रतिनिधी कोण, नाटक कोणते बसवायचे, अंकाला नाव काय द्यायचे, एवढे तरी मुले स्वतः ठरवू शकत होती. मंडळ ही त्यांना उरलेली वीतभर मोकळी जागा होती.

ही जागा किती अपुरी होती, ते फेब्रुवारी १९४३ मध्ये दिसले. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला निष्ठेची प्रश्नावली भरायला लावण्यात आली. म्हणजे हायस्कूलच्या वरच्या वर्गांतील मुलामुलींनाही! सैन्यात जाशील का, आणि जपानच्या सम्राटाशी नाते तोडून अमेरिकेशी निःशंक एकनिष्ठ राहशील का, असे दोन प्रश्न त्यात होते. ज्यांनी सम्राटाशी नाते कधी जोडलेच नव्हते, त्यांनी ते तोडायचे कसे? १९४४ मध्ये छावणीतील तरुणांना सक्तीची सैन्यभरती लागू झाली. अनेक तरुण गेले आणि लढले. वायोमिंग राज्यातील हार्ट माउंटन छावणीच्या त्रेसष्ट तरुणांनी मात्र, आधी आमचे नागरिकत्वाचे हक्क परत द्या, असे म्हणून नकार दिला. त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्यांना माफी दिली. गेलेले आणि नकार देणारे, दोघांनाही मी नागरिकच मानते. ज्या ठिकाणी 'नाही' म्हणण्याची किंमत तुरुंग असते, तिथे 'हो' म्हणणाऱ्याच्या सेवेचेही मोल कोणाला नीट करता येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

याच हार्ट माउंटनमध्ये दुसरीही एक गोष्ट घडली. आतल्या बालवीर पथकांनी आसपासच्या गावांतील पथकांना मेळाव्यासाठी बोलावले. शत्रूच्या छावणीत मुले कशी पाठवायची, म्हणून बाहेरचे पालक कचरले. जवळच्या कोडी गावच्या पथकप्रमुखाने मात्र आपली मुले आत नेली. त्या मेळाव्यात तारेआतला नॉर्मन मिनेटा आणि तारेबाहेरचा ॲलन सिम्पसन यांना एकाच तंबूत जागा मिळाली. दोघेही हायस्कूलमध्ये जाण्याच्या आधीच्या वयाचे. पावसाचे पाणी खालच्या तंबूतल्या एका दांडगट मुलाच्या अंगावर जावे, अशी चर खणण्याचा खोडकरपणाही त्यांनी जोडीने केला. पुढे मिनेटा डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार झाले, सिम्पसन रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर. १९८८ साली अमेरिकेने या अन्यायाबद्दल क्षमा मागून हयात असलेल्या प्रत्येक छावणीवासीयाला २०,००० डॉलर देण्याचा कायदा केला, तेव्हा मिनेटा त्याच्या पुरस्कर्त्यांत अग्रभागी होते आणि सिम्पसन त्यांच्या पाठीशी होते. मिनेटा २०२२ मध्ये गेले, सिम्पसन २०२५ मध्ये. तो कायदा त्या तंबूमुळे झाला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्यामागे छावणीवासीयांचा अनेक वर्षांचा लढा होता. पण मेळाव्यात किती मुले आली याच्या आकड्यापेक्षा कोणाशेजारी कोण झोपले, हे अधिक टिकले, हे तर खरे ना?

आता आपल्याकडे वळू. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्षाला १२० तासांचे काम आणि सात दिवसांचे शिबिर, ही तिची चौकट आपणा सर्वांना पाठ आहे. आपल्यावर युद्ध नाही, तार नाही. तरीही आपल्या अहवालात तासांचे आणि रोपांचे आकडेच का असतात? आमच्या मागच्या शिबिरात गावातल्या एका आजींनी विचारले, "पोरींनो, झाडं लावलीत, पण चैत्रात पाणी कोण घालणार?" अहवालात रोपांची संख्या आली, आजींचा प्रश्न आला नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. काम कोणते करायचे, हे शिबिरापूर्वी गावकरी आणि स्वयंसेवक यांनी एकत्र बसून ठरवावे. 'हे काम नको' असे कोणी म्हटले, तर तेही इतिवृत्तात लिहावे. दुसरे, शिबिराला कोण येऊ शकले नाही आणि का, हे अहवालात नोंदवावे. मुक्कामाला घरून परवानगी नसलेल्या मुली, संध्याकाळी दुकानात काम करणारे मित्र, शेवटची एस.टी. गाठावी लागणारे विद्यार्थी यांना आपण 'निरुत्साही' म्हणून मोकळे होतो. त्यांच्या सोयीचे काम शोधत नाही. तिसरे, शिबिरातल्या निदान एका दिवसाचे जेवण आपण गावातल्या घराघरांत, सर्व वस्त्यांवर, पंगतीला बसून घ्यावे. आपल्या गावांतही न दिसणाऱ्या तारा आहेत, आणि त्या कोठून कोठे जातात, हे श्रमदानाच्या फावड्यापेक्षा जेवणाच्या ताटावर लवकर कळते.

पुढच्या वर्षीचा अहवाल लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आकडे जरूर लिहा. पण त्यांच्याखाली दोन ओळी रिकाम्या ठेवा. एक, नकार देणाऱ्याचे म्हणणे लिहायला. दुसरी, यंदा कोणाची नवी ओळख झाली ते सांगायला. दोन्ही ओळी भरल्या, तर तो अहवाल मी सर्वांत आधी वाचीन.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला (इतिहास)