हसत वाचणारे पोर



गेल्या रविवारी रत्नागिरीतील आमच्या विहारात वंदना झाली. मंडळी पांगत होती आणि कोपऱ्यात एक सहावीतला मुलगा पुस्तकात तोंड खुपसून खुदुखुदु हसत होता. त्याच्या आजीने पाहिले मात्र, ती कडाडली, "मेल्या, आई काजूच्या फॅक्टरीत बोटं काळी करते ती या गोष्टींसाठी? शाळेचं पुस्तक घे!"

मी पुस्तक पाहिले. भा. रा. भागवतांचे 'फास्टर फेणे' होते.

आजीचा राग खोटा नाही. शिक्षणासाठी आपण काय सोसले ते तिला ठाऊक आहे. पण गोष्टीचे पुस्तक म्हणजे वाया गेलेला वेळ, हे मला पटत नाही.

भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म 1910 साली इंदूरला झाला. मोठ्यांसाठी लिहून नाव मिळवण्यापेक्षा त्यांनी मुलांसाठी लिहिण्यात हयात घालवली. 'बालमित्र' हे मासिक चालवले, ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठीत आणल्या. आणि फुरसुंगीचा बन्या फेणे उभा केला. हा किडकिडीत पोरगा, सायकलवर वाऱ्यासारखा सुटणारा, तोंडाने 'टॉक्' करणारा! चोर, बदमाश, गूढ प्रकरणे यांत तो नाक खुपसतो आणि वाचणारा हसता हसता श्वास रोखून बसतो. त्याच्यावर दूरदर्शनची मालिका आली, 2017 साली चित्रपटही निघाला. पण भागवत 2001 मध्येच गेले होते, तो पाहायला ते नव्हते.

आता बघा, बन्याजवळ पैसा नाही, ताकद नाही. आहे ती चौकस नजर. सगळे म्हणतात म्हणून तो मान्य करीत नाही, स्वतः जाऊन पाहतो. बंधूंनो, हे कुठे ऐकल्यासारखे वाटते ना? तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा. विहारात आपण हे ऐकतो, पण घरी पोराने "का?" विचारले की त्याला गप्प बसवतो! रहस्यकथा वाचणारे मूल पानापानाला "का?" विचारायला शिकते. अंगारे-धुपारे विकणारा उद्या दारात आला, तर हेच मूल त्याची लबाडी पहिल्यांदा ओळखेल.

एक गोष्ट मात्र खुपते. या पुस्तकांत आपली वस्ती फारशी दिसत नाही. मुंबईच्या चाकरमान्याची वाट पाहणारे घर नाही, काजू सोलणारी आई नाही. याचा दोष भागवतांना देऊन आपले काम होणार नाही. त्यांनी आपल्या ओळखीचे जग लिहिले. आपल्या जगातला चतुर पोरगा आणि त्याहून चतुर पोरगी आपल्यालाच लिहावी लागेल. आणि जो वाचतो, तोच पुढे लिहितो.

आपल्या शहरातले नगर वाचनालय 1828 चे. त्या काळी आपल्या मुलांना शाळेच्या ओसरीवरही जागा नव्हती. ज्या बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधले, त्यांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यातले. मग आपल्या पोराचे नाव वाचनालयात का नसावे? महिन्याच्या खर्चातून वर्गणीपुरते काढा. विहारात एक कपाट ठेवा, त्यात धम्माच्या ग्रंथांशेजारी दोन हसवणारी पुस्तकेही असू द्या.

विहारातून निघताना मी आजीला पुस्तक परत दिले. तिने ते पिशवीत टाकले आणि नातवाला हळूच विचारले, "मग, चोर गावला काय रे?"

पोर म्हणाले, "घरी चल, वाचून दाखवतो."