पाण्याखालच्या फोटोला दिवा कोणता?

मालवणकडे पर्यटकांना समुद्रात बुडी मारायला नेणाऱ्या बोटीवर कामाला असलेल्या एका तरुण वाचकाने विचारले आहे, "पाण्याखाली फोटो काढायला शिकतो आहे. सगळे फोटो हिरवट येतात. आई भिशीचे पैसे देते आहे. कोणता दिवा घेऊ?"

भाऊ, आधी दुखणे कुठे आहे ते पाहू. पाणी उजेड शोषून घेते आणि तांबडा रंग सर्वांत आधी जातो. पाचेक मीटर खोलीवर तो फारच थोडा उरतो, म्हणून तांबडा मासा काळपट दिसतो. दोष कॅमेऱ्याचा नाही. रंग हवा तर उजेड सोबत न्यावा लागतो. फ्रान्सच्या लुई बुताँ यांनी १८९३ च्या सुमारास समुद्रात फोटो काढले, तेव्हा उजेडासाठी मॅग्नेशियम जाळण्याचा खटाटोप केला होता.

आज दोन पर्याय आहेत. फ्लॅशचा उजेड क्षणभराचा, पण जोरदार. हलणारा मासाही स्पष्ट येतो. स्थिर फोटोंसाठी तोच चांगला. दुसरा सतत जळणारा एलईडी दिवा. व्हिडिओला तोच लागतो, आणि उजेड कुठे पडतो ते आधीच दिसते. तो घेताना झोत रुंद आहे का ते पाहा. अरुंद झोताने मधेच पांढरा डाग पडतो.

आता महत्त्वाचे. धुळीच्या रस्त्यावर गाडीचे दिवे लावले की धूळच चमकते. गढूळ पाण्यात तसेच होते. म्हणून दिवा भिंगाला चिकटून नको. लांब दांडीवर, बाजूला आणि किंचित मागे हवा. फोटो एक मीटरच्या आतून काढा. दिव्यापासून माशापर्यंत आणि तिथून कॅमेऱ्यापर्यंत, दोन्ही वेळा पाणी रंग खातेच. लांबच्या माणसांच्या घोळक्याला महागडा दिवाही पुरत नाही. तिथे ऊन पाठीशी घ्या आणि कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स जुळवा. त्याला पैसा लागत नाही.

तेव्हा गिऱ्हाईक काय मागते ते आधी ठरवा. व्हिडिओ मागत असेल तर एकच रुंद झोताचा दिवा आणि चांगली दांडी घ्या. दोन दिव्यांची घाई नको. रबरी रिंगवर केस किंवा वाळूचा कण राहिला तर पाणी आत शिरते. बुडीआधी ती रोज तपासा, नंतर दिवा गोड्या पाण्यात धुवा. भिशीचे पैसे पुन्हा जमायला वर्ष जाते.