साडीतली नवरी

दिवाळी उरकली की गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या पंचक्रोशीत मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस लागतात. दिवसा दंडार हे नाचगाण्याचे लोकनाट्य, रात्री नाटक. लेकी-जावई, मामा-मावश्या घरी उतरतात आणि पाहुणचारातच सोयरिकीची बोलणी निघतात. गोंदिया-भंडाऱ्याकडे कितीतरी लग्ने अशीच जुळली.

तिकडे दंडारीतही बऱ्याचदा प्रेम आणि लग्नच रंगलेले असते. नवरी लाजते, रुसते, खांदा उडवून नवऱ्याला झिडकारते. ढोलकी चढते, शिट्ट्या पडतात. ती नवरी म्हणजे बहुधा साडी नेसलेला, पायात चाळ बांधलेला गावातलाच गडी. कालपर्यंत बांधीत धान कापत होता. नाचतो मात्र झकास, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. नकार द्यायचा, रुसायचे, मन सांगायचे, हे सारे मंडईत होते ते या गड्याच्या अंगाने. जिचे लग्न ठरायचे आहे, ती पोरगी घरात चहाचा ट्रे घेऊन खाली मान घालून उभी.

अशी गप्प उभी नवरी एका बॅलेतही आहे. नृत्यदिग्दर्शिका ब्रोनिस्लाव्हा निजिन्स्काने १९२३ साली पॅरिसमध्ये स्ट्राव्हिन्स्कीच्या संगीतावर तो ‘ले नोस’ बसवला. विषय रशियन खेड्यातले लग्न. त्यात मैत्रिणी नवरीच्या लांबलचक वेण्या हाती धरून नाचतात आणि नवरी जवळजवळ निश्चल. लग्न गावाचे, तिचे नव्हे, हे त्या बाईने नवरीला न नाचवता दाखवले. आपल्याकडे नवरी मनमुराद नाचते. फक्त ती बाई नसते.

परंपरा आहे, असे उत्तर मिळेल. बायका मिळत नव्हत्या, हे तिचे जुने कारण. पण त्याच मंडईत, त्याच गावात, रात्रीच्या झाडीपट्टी नाटकात नट्या उभ्या राहतात, त्यांची नावे फलकावर ठळक छापतात, तिकिटे त्यांच्यावर खपतात. म्हणजे बाईने मंचावर येण्याला हरकत नाही. ती बाहेरगावची हवी, एवढेच. गावच्या लेकीबाळींनी चारचौघांत नाचू नये म्हणावे, तर हळदीच्या रात्री याच पोरी डीजेपुढे भररस्त्यात नाचतात आणि काका-मामा मोबाइलवर चित्रण करतात.

लोककला जगवा, असे मंडईच्या उद्घाटनाला येणारा प्रत्येक पुढारी सांगतो. जगवाच. पण येत्या मंडईत एक दंडार गावच्या पोरींना बसवू द्या. नवरीने कोणाला झिडकारायचे, तेही त्यांनाच ठरवू द्या. पाहुणे मंडळी समोर बसलेली असतीलच.