माप आधी जाळ्याचं घ्या

महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवली. 135 मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट धरू नये, हा त्यातलाच नियम. त्याच वर्षी पापलेट राज्यमासाही झाला. लगेच ओरड सुरू झाली : ‘जाळं ओढणारा पट्टी घेऊन बसणार का? पिल्लू वर येईतो मेलेलं असतं. परत फेकून कुणाचं भलं?’

आक्षेपातली वस्तुस्थिती खरी, निष्कर्ष खोटा. मेलेलं पिल्लू वाचत नाही, म्हणून नियम मोडीत काढायचा नसतो. तो बंदरावरून उचलून जाळ्याच्या खोल्याला, म्हणजे मासळी साठते त्या शेवटच्या पिशवीला लावायचा असतो. ट्रॉलचं जाळं ओढलं की नेहमीचा तिरपा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, ताणून मिटतो. 40 मिलिमीटरचा चौकोनी आस ओढतानाही उघडा राहतो आणि पिल्लं पाण्यातच निसटतात. पट्टी लागते ती खोल्याला, आणि तीही बोट बंदर सोडण्याआधी.

दुसरा युक्तिवाद : ‘आम्ही सोडलं तर परराज्यातले ट्रॉलर धरतील.’ मग मागणी सर्वांना एकच नियम असावा अशी हवी; आपल्याला सूट द्या, अशी कशी? 12 सागरी मैलांपलीकडे पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी केंद्र सरकार सर्व राज्यांच्या यांत्रिक बोटींना लावतं. कालावधीला जे जमतं, ते आसाला का जमू नये?

राहिला ‘पोटावर पाय’ हा आक्षेप. पापलेटचा भाव आकारावर चढतो. आज पिल्लू मातीमोल विकणारा उद्याचा मोठा मासा स्वतःच्याच हाताने घालवतो. त्याची झळ आधी लागते ती सातपाटीसारख्या मच्छीमार गावातल्या छोट्या होडीवाल्याला. मोठा ट्रॉलर दूरचं पाणी गाठू शकतो, होडी नाही.

मात्र नुसता दंड हा सरकारचा आळस आहे. नवा खोला सरकारने द्यावा आणि मगच मच्छीमारांना मिळणारा डिझेल परतावा त्याच्या तपासणीशी जोडावा. संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळं कापणाऱ्याला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने 2018 मध्ये आणलीच होती. तेच तत्त्व इथे चालवावं. डोल जाळ्याचा पेच वेगळा : बारीक आसाशिवाय जवळा मिळत नाही. तिथे आसाची सक्ती न करता, पापलेटची पिल्लं जिथे-जेव्हा दाटतात तो पट्टा तेवढ्या दिवसांपुरता जाळ्यांपासून मोकळा ठेवावा. तो पट्टा आणि ते दिवस गावच्या मच्छीमार सोसायट्यांनी ठरवावेत. पाणी त्यांना ठाऊक आहे. हे सगळं केल्यावरही जो बारीक खोला लावेल, त्याचा परवाना खुशाल काढून घ्यावा.