तीनशेव्या क्रमांकाची मजुरी

गेल्या पावसाळ्यात आष्टीतील एका घरी आशीर्वादासाठी गेलो असता भिंतीवर वर्तमानपत्रातून कापून लावलेले एक छायाचित्र दिसले. 14 मे 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांच्या भेटीस गेलेला, त्या वेळचा जगातील पहिल्या क्रमांकाचा टेनिसपटू यानिक सिनर त्यांना रॅकेट भेट देत आहे. पोपमहोदय स्वतः हौसेने टेनिस खेळणारे, म्हणून त्या घराला चित्राचे मोठे कौतुक. बोलण्याच्या ओघात आम्ही ऋतुजा भोसले हिचे नाव काढले. गृहस्थांनी विचारले, "जगात कितवी?" आम्ही म्हणालो, "एकेरीत तीनशेच्या पलीकडची." "मग नापासच म्हणायची की, फादर!" घर हसले. आम्हाला मात्र हसू आले नाही. ते का आले नाही, यासाठी हा लेखप्रपंच.

हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाताना आपणांस जे श्रीरामपूर लागते, तेथे 1996 साली ही मुलगी जन्मली. अमेरिकेत टेक्सस ए अँड एम विद्यापीठात शिकली, तेथेही खेळली. 30 सप्टेंबर 2023 रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीत पहिला सेट गमावूनही तिने सुवर्णपदक मिळवले. हिला नापास ठरवणाऱ्या परीक्षकाची पात्रता आम्हाला अद्याप समजलेली नाही.

पण आमचा खरा वाद त्या गृहस्थांशी नाही. तो या खेळाच्या कारभाऱ्यांशी आहे. विम्बल्डनच्या एकेरी विजेत्यास 2025 साली 30 लाख पौंड मिळाले. पहिल्याच फेरीत हरणाऱ्यासही 66,000. आता शिडीच्या तळाशी पाहा. एकूण 15,000 डॉलर बक्षिसाच्या स्पर्धेत विजेत्याच्या हाती सुमारे दोन हजार डॉलर पडतात, आणि मुख्य फेरीत येऊन पहिलाच सामना हरणाऱ्याच्या हाती दीडशेच्या आसपास. विमानाचे तिकीट, खोलीचे भाडे, जेवण, रॅकेटच्या तारा हे सारे ज्याचे त्याने भागवायचे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्याच पाहणीनुसार 2013 साली खर्चाची तोंडमिळवणी पुरुषांत 336 व्या आणि स्त्रियांत 253 व्या क्रमांकापाशी होत होती, आणि तीही प्रशिक्षकाचा खर्च न धरता! सप्टेंबर 2023 मध्ये भारताचा एकेरीतील पहिला खेळाडू सुमित नागल याने खात्यात 900 युरो असल्याचे सांगितले. पुढे 2024 पासून पुरुषांच्या संघटनेने पहिल्या अडीचशे जणांसाठी किमान उत्पन्नाची हमी सुरू केली. उत्तम झाले. पण दोनशे एक्कावन्नाव्याने काय करायचे?

कोणी म्हणेल, त्याला खेळायला सांगितले कोणी? प्रेक्षक येत नाहीत, तर पैसा येणार कोठून? युक्तिवाद वरकरणी बिनतोड दिसतो. परंतु याच रिकाम्या मैदानांवरील सामन्यांच्या गुणांची क्षणोक्षणीची माहिती महासंघाने पट्टीबाजांच्या बाजारासाठी कोट्यवधी डॉलरना विकली. म्हणजे माल विकला जात होता, मजुराला मात्र गिऱ्हाईक नाही असे ऐकवले जात होते. सामने विकले जाण्याचा रोग या तळाच्या स्पर्धांत फोफावला आणि माहितीच्या या विक्रीने त्यास खतपाणी घातले, असे 2018 च्या स्वतंत्र चौकशी समितीने स्पष्ट नोंदवले. लाच घेणाऱ्याचे पाप आम्ही धुऊन काढत नाही. पण भुकेल्याला दुकानाच्या दारात बसवून गल्ला उघडा ठेवणाऱ्यास निष्पाप म्हणण्याचीही आमची तयारी नाही. लिओ तेरावे यांनी 1891 साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रात सांगितले की, करार खुशीने झाला तरी मजुरी कामकऱ्याचे पोट भरण्याइतकी हवीच. आताच्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेताना त्याच पत्राची आठवण काढली होती. भिंतीवर चित्र लावणाऱ्यांनी हेही वाचावे.

आणि आष्टीच्या त्या गृहस्थांना तर हे कोणी शिकवावे! त्यांनी स्वतः पाच हंगाम ऊसतोडीला कोयता नेला आहे. मुकादमाची उचल घ्यायची, परमुलखात पाल ठोकायचे, टनावर मजुरी मोजून घ्यायची आणि हंगाम सरता उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच फडात उभे राहायचे. उसन्या पैशाने गावोगाव हिंडणारा तीनशेवा टेनिसपटू याहून वेगळे काय करतो? तुमचा कोयता फडात कितवा होता, असे आम्ही विचारले तेव्हा ते गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "फादर, तिथं नंबर नसतो, तिथं टन असतो."

त्यांची धाकटी मुलगी खो-खो खेळते. तालुक्याच्या संघात निवड झाली, तरी जिल्ह्याला पाठवायचे नाही असे घरात ठरले होते, कारण "पहिला नंबर येणार नाही आणि जाण्यायेण्याचा खर्च फुकट." धर्मग्रामाच्या सणाला आपण पहिल्या तिघांना स्टीलची भांडी वाटतो. यंदा त्या भांड्यांचे पैसे वाचवून, खेळायला बाहेरगावी जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीस एसटीचे भाडे आणि दोन वेळचे जेवण द्यावे, असा ठराव आम्ही धर्मग्राम समितीपुढे ठेवला आहे. दोन सदस्यांचा विरोध आहे. बक्षीस नसेल तर मुले जिद्दीने खेळणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे. पुढील बैठकीस त्यांनी उसाचा फड पाहून यावे.